लिबलिबीत कारभार

ऐकलंत ना? तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंचं लेन्स धुवायचं पाणी महिन्यात तिसऱ्यांदा संपलं. खायच्या सोड्याचा डबा बेपत्ता. पांढऱ्या डिंकाची बाटली धाकटीच्या दप्तरात सापडली, तीही चाटूनपुसून रिकामी! चोरीबिरी काही नाही हो, घरात स्लाइम शिजतोय.

आता बोलावं तरी काय? पोळ्यांच्या डब्याला खेटून, काचेच्या वाडग्यात तो जांभळा ऐवज! आधी चमच्यावरून धार लागणारा साधा डिंक. त्यात चिमूटभर सोडा, मग लेन्सच्या पाण्याचे थेंब. ढवळता ढवळता चमचा जड होतो, वाडग्याच्या कडा सुटतात आणि सगळा गोळा घोरपडीसारखा चमच्याला चिकटतो. कारण विचारलं तर आठ वर्षांची पोर आपल्याला शिकवते! डिंकात म्हणे पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या असतात, एकमेकींशी देणंघेणं नसलेल्या. लेन्सच्या पाण्यातलं बोरेट मधे पडतं आणि जागोजागी त्यांच्या गाठी मारून देतं. त्याही अशा, की सुटतात नि पुन्हा बसतात. म्हणून हळू ओढलं तर स्लाइम लांबतो, हिसडा दिला तर तटकन तुटतो. बोरेटला सोयरिकी जमवायची भारी हौस, टिकण्याची हमी मात्र नाही!

बरं, हे खूळ आजचं आहे का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रबराला पर्याय शोधता शोधता सिलिकॉन तेल आणि बोरिक आम्लाचा असाच एक गोळा हाती आला. रबराच्या कामाचा नव्हता, म्हणून 1950 मध्ये प्लास्टिकच्या अंड्यांत भरून ‘सिली पुटी’ नावानं पोरांना विकला. पोरांनाच? 1968 मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालायला निघालेल्या अपोलो 8 च्या अंतराळवीरांनीही तो बरोबर नेला. अवजारं तरंगू नयेत म्हणून चिकटवायला, असं सांगतात. असेल बाई, आपण कशाला शंका घ्या?

आणि ते चौथ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका! मंचुरियनसाठी आणलेलं दोन वाट्या कॉर्नफ्लॉवर त्यांनी वाटीभर पाण्यात कालवलं. बोट अलगद बुडवलं की आत जातं. ठोसा मारला की कणांमधल्या पाण्याला निसटायला सवड मिळत नाही, कण एकमेकांत अडकतात आणि हाताला दगड लागतो. काकांनी किती ठोसे मारले, काही सुमार? जन्मभर गिऱ्हाइकांशी गोड बोललेला माणूस, कुठेतरी निघणारच ना! मग तो सगळा लगदा मोरीत ओतला. मोरी तुंबली, प्लंबर आला, काकूंनी आठवडाभर अबोला धरला.

तरी खुमखुमी जिरली? छे! पुढच्या आठवड्यात नाशिकची द्राक्षं मायक्रोवेव्हमध्ये! आतल्या लहरी द्राक्षाच्या पाण्यात शिरल्या की आखडून जवळजवळ द्राक्षाएवढ्याच होतात. दोन द्राक्षं जिथे टेकतात तिथे ऊर्जा एकवटते, सोडियम-पोटॅशियमचे आयन उसळतात आणि चर्रकन प्लाझ्माची ज्वाळा उठते. 2019 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या भानगडीचा छडा लावला. काकांनी फक्त मायक्रोवेव्हचा निकाल लावला. अहो, प्लाझ्माच बघायचा होता तर डोक्यावरची ट्यूबलाइट काय वाईट होती? तिच्या पोटात दुसरं काय पेटतं?

शोभतं का हे वयाला? आपल्या वेळी होतं का असलं काही? (खडूची भुकटी नि शाई कालवून बाकाखाली लपवायचो, ती गोष्ट वेगळी.)

तुम्ही मान डोलवताय खरं, पण नखाखाली जांभळी चमकी कसली? माझ्या टेबलावरच्या डबीकडे बघू नका, ती नातीची आहे. तिला परत द्यायची राहिली, एवढंच. झाले असतील दोन-तीन आठवडे. बरं, बघायचीच असेल तर झाकण उघडा. हळू ओढा हो, हिसडा नको! कालच कुठे तो नीट जमून आलाय.