रा. विवळवेढे (कागदोपत्री)

महाराष्ट्रात घर भाड्याने घ्यायचं तर मालक लागतो, एजंट लागतो, डिपॉझिट लागतं आणि मधे पडायला एक ओळखीचा माणूस लागतो. डहाणू तालुक्यात झेडपीच्या शाळेवर नेमणूक झाली असेल, तर यातलं काहीच लागत नाही. ग्रामसभेचा ठराव लागतो.

ग्रामविकास विभागाचा ९ सप्टेंबर २०१९ चा शासन निर्णय तसं सांगतो. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांनी मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहायचं आणि राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव जोडायचा. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. रात्री ताप चढला तर नर्सबाई हाकेच्या अंतरावर असाव्यात, हे कुणाला नको आहे? प्रश्न एवढाच, की त्या गावात भाड्याची खोली आहे का, हे त्या निर्णयात कुणी विचारलेलं नाही. ठराव करायला खोली लागत नाही, त्यामुळे कुणाचं अडतही नाही.

आता विवळवेढ्याचंच घ्या. मुंबईहून अहमदाबादकडे निघालात की चारोटीच्या पुढे महामार्गालगत महालक्ष्मीचं देऊळ लागतं, तेच हे गाव. देवीचं मूळ ठाणं वर मुसळ्या डोंगरावर. गड चढताना एका अवघडलेल्या भक्त बाईला घेरी आली, तेव्हा देवीच पायथ्याला उतरली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे देवीने मुख्यालय सोडलं, हे उघड आहे. पण तिने ते भक्तांच्या सोयीसाठी सोडलं आणि दुसऱ्या पत्त्याचा भत्ता मागितला नाही, म्हणून बहुधा तिच्यावर लक्षवेधी लागली नाही. शिक्षकांवर लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी गुरुजी गावात राहत नाहीत आणि घरभाडे भत्ता मात्र उचलतात, असं विधानसभेत सांगितलं आणि पुढे राज्यभर वादाचा धुरळा उडाला. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. खोली मात्र एकही निघाली नाही.

आमच्या ओळखीचे एक तरुण गुरुजी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या कृपेने मराठवाड्यातून या पट्ट्यात आले. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन १६ हजार, आणि त्यात घरभाडे भत्ता नाही. घराची खरी गरज असते त्याला भत्ता नाही आणि भत्ता सुरू होतो तेव्हा माणसाने डहाणूत फ्लॅट बुक केलेला असतो. एवढी काटेकोर योजना आखायला खरोखर डोकं लागतं.

गुरुजींनी पहिली खोली देवळाजवळच पाहिली. पत्र्याची, पण बरी होती. मालक अगत्याचे. ‘गुरुजी, तुमच्यासारखा भाडेकरू मिळायला भाग्य लागतं. फक्त चैत्रात खोली मोकळी करून द्यायची.’ चैत्रात, म्हणजे हनुमान जयंतीपासून पुढे पंधरा दिवस महालक्ष्मीची यात्रा. पाळणे येतात, भांड्यांची आणि खेळण्यांची दुकानं येतात, सुक्या मासळीचे ढीग लागतात. नाशिक, गुजरात, दादरा-नगर हवेली, सगळीकडून माणूस लोटतो. दुकानदार पंधरा दिवसांत जे देतो, ते गुरुजी वर्षभरात देऊ शकत नाहीत. ‘मग मी त्या दिवसांत राहू कुठे?’ ‘शाळेत राहा की. शाळा तुमचीच आहे.’ बरोबरच होतं. वार्षिक परीक्षाही त्याच सुमाराला असतात. पेपर तपासायला तेवढीच निवांत जागा.

चारोटी नाक्यावर खोल्या होत्या, पण त्या सगळ्या ‘प्रोजेक्ट’वाल्यांनी धरलेल्या. एक्स्प्रेसवे, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, बुलेट ट्रेन असं सगळं याच तालुक्यांतून चाललंय, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झाल्यापासून तर एजंटांनी रेट सांगण्याआधी क्षणभर डोळे मिटायला सुरुवात केली आहे. हा प्रकल्प ७६ हजार कोटींचा. बंदर अजून समुद्रात आहे, भाडं मात्र किनाऱ्याला लागलं. एजंटने गुरुजींना विचारलं, ‘कंपनी कुठली?’ ‘जिल्हा परिषद.’ त्यावर त्याने दिलेली पाण्याची बाटली परत घेतली नाही, एवढंच.

डहाणूत खोली मिळाली, तर मालकांची अट शुद्ध शाकाहाराची. ज्या गावात वाऱ्याने दिशा बदलली की अख्ख्या आळीला वाळत्या बोंबलाचा वास येतो, तिथे मालक भाडेकरूच्या घरात कांदा शिजतो का, हे हुंगत होते. शिवाय ‘बॅचलरला देत नाही’. लग्न ठरत नाही कारण नोकरी कायम नाही, खोली मिळत नाही कारण लग्न नाही.

मग तलासरीच्या बाजूला, धुंदलवाडीकडे, एक घर स्वस्तात मिळत होतं. स्वस्त का, ते लौकरच कळलं. २०१८ च्या नोव्हेंबरपासून त्या पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने माणसांना थंडीत तंबूत झोपायला लावलं होतं. मालक म्हणाले, ‘आता तसं काही नाही. अधूनमधून भांडी वाजतात. रात्री वाजली तर बाहेर यायचं, आणि बाहेर आलात की आमच्या खिडकीवर थाप मारायची.’ पटकन बाहेर पडता यावं म्हणून दाराला आतून कडी बसवलीच नव्हती. हे सांगताना ते भाड्यापासून मात्र तसूभर हलले नाहीत.

करारनाम्याचा अध्याय वेगळा लिहावा लागेल. घर कुणाचंही असो, मुदत अकरा महिने. बारावा महिना महाराष्ट्रातल्या घरमालकांच्या कॅलेंडरात छापतच नाहीत. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, अशी त्यांची गाढ श्रद्धा आहे. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा कलम ५५ मध्ये सांगतो, की मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे ऐकवल्यावर एका मालकांनी शांतपणे विचारलं, ‘म्हणजे तुम्हाला खोली नको आहे ना?’ लिहिलं की कूळ लागतं, ही कुळकायद्याच्या काळातली धास्ती तिसऱ्या पिढीच्या रक्तात उतरली आहे. पावती मागितली तर चहा मिळतो. दुसऱ्यांदा मागितली तर चहाही बंद होतो.

तिकडे नेदरलँड्समध्ये पाहा. डेल्फ्ट-लायडनसारख्या जुन्या गावांत कालव्याकाठी खोली शोधताना आपली सॉफ्टवेअरवाली मराठी पोरं मेटाकुटीला येतात हे खरं. पण तिथे गुण घराला देतात. खोल्यांचं क्षेत्रफळ किती, स्वयंपाकघर कसं, ऊर्जा किती वाचते, याची बेरीज करायची आणि १ जुलै २०२४ पासून १८६ गुणांपर्यंतच्या घरांना सरकारने ठरवलेल्या कमाल भाड्याची मर्यादा लागू. त्यावर रुसून काही मालकांनी घरंच विकायला काढली, तो भाग निराळा. आपल्याकडे गुण भाडेकरूला देतात. जात, जेवण, लग्न, गाव. आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा मालक तोंडी परीक्षा झाल्यावर ठरवतात.

पाड्यापाड्यावर एवढी घरं असताना गुरुजींना गावात एकही का मिळू नये? कारण जमीन बहुतेक आदिवासींची, आणि ती बिगर-आदिवासीला विकणं सोडा, भाडेपट्ट्याने द्यायची तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. हा कायदा उगाच आलेला नाही. इथल्या जमिनी अंगठ्यावर गेलेल्या आहेत. किंबहुना मुख्यालयी राहायची सक्ती या मातीला नवी नाही. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढलं की वारली नवरा-बायकोने सावकाराच्याच दारी राबायचं, त्यांना लग्नगडी म्हणत. तिथे गैरहजेरी चालत नसे आणि भत्त्याचा प्रश्नच नव्हता. २३ मे १९४५ ला तलासरीच्या झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली जमले आणि ही वेठ त्यांनी झुगारून दिली. तेव्हा ३६अ राहू द्या. सरकारने शाळेमागे चार खोल्या बांधल्या तर कुठलंही कलम आडवं येत नाही. पण ठराव मागवायला सिमेंट लागत नाही.

यापुढची ग्रामसभा आम्ही मनातल्या मनात भरवली आहे, कारण खरी भरली तेव्हा कोरम नव्हता. नसणारच. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांनी इथेच राहावं असा शासन निर्णय आहे ते डहाणूला, आणि ज्यांना इथेच राहायचंय ते भट्टीवर ताडपत्रीखाली. गावात राहतात म्हाताऱ्या, कोंबड्या आणि मुख्यालय.

तर ग्रामसेवकांनी विषय वाचला : ‘शाळेतील शिक्षक मुख्यालयी राहतात, याबाबत ठराव.’ शेवटच्या ओळीतली एक आजी म्हणाली, ‘गुरुजींना गावात राहायचे पैसे मिळतात?’

‘हो आजी. त्याला घरभाडे भत्ता म्हणतात.’

‘किती?’

थोरल्या गुरुजींनी खाली पाहत आकडा सांगितला. आजीने शेजारणीकडून तो पुन्हा ऐकून खात्री करून घेतली.

‘माझ्या पोराची झोपडी दिवाळीपासून पावसापर्यंत रिकामी पडते. कुडाच्या भिंती यंदाच सारवल्यात. तेवढे पैसे आम्हाला द्या, गुरुजी तिथे राहतील. मग पोराला भट्टीवर कशाला धाडू?’

सभेत पहिल्यांदाच कुणी तरी मुद्द्याचं बोललं होतं. ग्रामसेवकांनी घड्याळ पाहिलं, कारण चारोटीहून डहाणूकडे जाणारी सोयीची गाडी चुकली असती. ते म्हणाले, ‘आजी, त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल.’

‘आणि गुरुजी राहतात असं लिहायला कुणाची लागते?’

‘तुमची. इथे अंगठा करा.’