एक फुकट, एक हाफ

आमच्या घरात सगळ्यांत कमी फिरलेलं माणूस मी, आणि सगळ्यांत जास्त फिरलेली वस्तू माझा पासपोर्ट. देशभरातले पासपोर्ट नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. म्हणजे माझं ते निळं पुस्तक जन्मलं आमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर. तिथून ते कोरं बाहेर पडलं, पासपोर्ट कार्यालयात गेलं, तिथे त्याच्यावर माझं नाव आणि नुकतीच चोरी करताना सापडल्यासारखा फोटो चढला, आणि स्पीड पोस्टाने ते परत नाशिकरोडला आलं. सध्या आईच्या पैठणीखाली विश्रांती घेतंय. एवढ्या प्रवासाने दमलं असणार.

बाबा प्रेसमध्येच आहेत. त्यांच्याकडे स्वतःचा पासपोर्ट नाही. का नाही, असं विचारलं तर म्हणतात, ‘हलवाई कधी पेढे खातो का?’ समोरचे काका शेजारच्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत. त्यांची महिनाअखेर आमच्याही आधी येते. तेव्हा या बाबतीत आमच्या गल्लीत कुणी कुणाला हसत नाही.

खरं तर अख्खं नाशिकच असं आहे. जगाला प्रवासाचं सामान पुरवायचं आणि आपण घरी बसायचं. पासपोर्ट आमच्याकडे, विमानं ओझरला. तिथल्या कारखान्यात आधी मिग झाले, मग सुखोई. ती आमच्या डोक्यावरून आवाज करत जातात आणि आम्ही गच्चीवर पापड वाळत घालताना मान वर करतो. प्रभू रामचंद्र अयोध्येहून चालत पंचवटीला आले. दर बारा वर्षांनी सिंहस्थाला लाखो लोक येतात. २०१५ ला आले होते, आता २०२७ ला येतील. येणाऱ्यांची गर्दी एवढी, की जाणाऱ्याला वाटच मिळत नाही. या गावातून मनापासून निघून गेली ती एकटी गोदावरी. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावली. अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आत. शहाणं माणूस तिकडेच उतरलं असतं. ही बाई तोंड फिरवून निघाली ती १४६५ किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागरात. द्वारका चौकातून कॉलेजला न जाता, पैसे जास्त मिळतील म्हणून मला गंगापूर रोडने फिरवून नेणारे रिक्षावालेही तिच्यापुढे हात टेकतील.

द्वारकेचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी राहते नाशिकरोडला, कॉलेज आहे कॉलेज रोडला. मधलं अंतर नकाशात दहा-बारा किलोमीटर. शेअर रिक्षात मागे तिघांची जागा, म्हणून चौघं. पुढे ड्रायव्हरची जागा, म्हणून ड्रायव्हर आणि त्याच्या दोन्ही अंगाला एकेक. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा चौथ्याची जागा येते. तिथे बसायचं नसतं, फक्त टेकायचं असतं. डावा पाय रिक्षात, उजवा महाराष्ट्र शासनाच्या रस्त्यावर. बिटको, दत्त मंदिर, उपनगर, गांधीनगर इथपर्यंत बरं चालतं. मग येते द्वारका. श्रीकृष्णाची द्वारका एकदाच समुद्रात बुडाली. आमची रोज सकाळ-संध्याकाळ वाहनांत बुडते आणि रात्री साडेदहाला वर येते. मी तिथे अडकून बऱ्याच नोट्स पाठ केल्या आहेत. एकदा शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी मेथीची जुडी निवडून संपवली. आमच्या वाहनांपेक्षा त्यांच्या स्वयंपाकाची प्रगती जास्त होती.

घर रेल्वे स्टेशनाच्या बाजूला असल्यामुळे आणखी एक दुखणं आहे. रात्री खिडकी उघडी असली की गाड्या ऐकू येतात. पंजाब मेल, गीतांजली, काशी, पवन. पंजाब मेल १९१२ पासून धावतेय, म्हणजे माझ्या पणजोबांनाही तिने असंच झोपेतून उठवलं असणार आणि न घेता निघून गेली असणार. फिरोजपूर, हावडा, वाराणसी अशी स्टेशनं भोंग्याबरोबर कानात येतात. पुण्याला मात्र सरळ जाणारा रेल्वेमार्ग नाही. हावड्याला बसल्या जागेवरून जाता येतं, पुण्याला सिन्नर-संगमनेर करत, चाकणला थांबत, सगळ्यांचे फोन येईपर्यंत बसमध्ये बसावं लागतं. सुदैवाने मला पुण्याची ओढ नाही. पुण्याला गेलेली नाशिकची मुलं परत आल्यावर मिसळीबद्दल जी मतं मांडतात, ती ऐकून ओढ उरतही नाही.

आता मुख्य अन्याय. मी तृतीय वर्ष बी.ए.ला, विषय मराठी, आणि या वर्षी अभ्यासाला साहित्यप्रकार आहे प्रवासवर्णन. प्रवासवर्णनाच्या तासाला हजेरी ७५ टक्के लागते. म्हणजे प्रवास या विषयात पास व्हायचं असेल तर वर्षभर कुठे जायचं नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. मध्ये बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, मिळालेलं धन वाटेत लुटलं गेलं. १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापून आलं आणि आता आम्ही त्यावर दहा मार्कांची टीप लिहितो. गोडसे भटजी आमच्या कॉलेजात असते तर झाशीच्या किल्ल्यावरून त्यांना पालकांना घेऊन भेटायला बोलावलं असतं.

मित्रमैत्रिणींचं म्हणाल तर आमचा एक ग्रुप आहे. तो दर महिन्याला स्पितीला जायला निघतो. हॉटेलं बघून होतात, थर्मल कपड्यांचे भाव काढून होतात, कोण कुणाच्या शेजारी बसणार यावरून भांडणही होतं. मग रविवारी सकाळी ठरल्याप्रमाणे सगळे निघतात आणि गंगापूर धरणाच्या रस्त्यावर मिसळ खाऊन परत येतात. पापड चुरून, वर दही घालून. तर्री इतकी जहाल असते की नाकाडोळ्यांतून पाणी येतं, तेवढंच हिमालयाचं हवामान.

अशा या स्थितीत आमच्या घरात एक जागतिक दर्जाची प्रवासी राहते हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. ती म्हणजे आजी.

आजी कित्येक वर्षं साठीची होती. वय विचारलं की ‘असंल साठ’ म्हणायची आणि भाजीवालीकडे वळायची. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने जाहीर केलं की पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत. अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. त्या दिवशी आजीने ट्रंकेतून आधार कार्ड काढलं, जन्मतारखेच्या जागी तिच्या पिढीतल्या निम्म्या भारताची असते ती १ जानेवारी बघितली, वर्ष बघितलं आणि एका संध्याकाळात पंधरा वर्षांनी म्हातारी झाली. तेव्हापासून वय कुणी न विचारताच सांगते. बसमध्ये तर चढायच्या आधीच.

पहिल्यांदा शिर्डी झाली, मग शनिशिंगणापूर, मग भीमाशंकर, मग लग्नं. मग ज्यांच्याशी तीस वर्षं बोलणं नव्हतं अशा नातेवाइकांची लग्नं. मशीनमधून निघालेली शून्य रुपयांची तिकिटं ती वेफर्सच्या रिकाम्या डब्यात ठेवते आणि पाहुणे आले की उघडून दाखवते. हिशोबालाही कडक आहे. अमृत योजना शहर बसला लागू नाही, म्हणून नाशिकरोडहून सीबीएस बसस्थानकाला जायला ती शहर बस घेत नाही, रिक्षाही नाही. सिन्नरकडून येणारी एसटी येईपर्यंत थांबते. तासभर लागला तरी. ‘वेळ काय, वेळ तर फुकटच आहे,’ म्हणते.

आणि योजना चालते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. आजीच्या दृष्टीने त्यामुळे पृथ्वीचा आकार ठरून गेला आहे. सुरगाण्याकडे हतगडच्या पुढे सापुतारा लागतं, ते गुजरातेत. तिथे जाऊ म्हटलं तर आजी हतगडच्या फाट्याला उतरून मला सांगते, ‘तू ये बघून. मी इथंच बसते.’ पुढचे काही किलोमीटर म्हणजे तिच्या लेखी अथांग समुद्र.

मी तिला मोठ्या उत्साहाने एसटीच्या ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ पासबद्दल सांगितलं. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा, मग वाटेल त्या बसमध्ये चढायचं. माझं कित्येक दिवसांचं स्वप्न. आजीने शांतपणे ऐकलं.

‘किती दिस?’

‘चार. नाहीतर सात.’

‘आणि पैसे द्यायचे?’

‘हो, पासाचे.’

‘मंग त्यात काय आवडण्यासारखं?’

अशा आजीने एका मंगळवारी सकाळी मला पलंगावरून हलवलं. ‘चल, गडावर जायचंय.’ आमच्याकडे नुसतं गड म्हटलं की सप्तशृंगीचा. मी म्हटलं, ‘माझा प्रवासवर्णनाचा तास आहे.’ आजी म्हणाली, ‘मंग चल की.’ यावर उत्तर सुचेना.

सीबीएसला गाडी लागली तेव्हा दारापाशी पन्नास माणसं एकाच वेळी आत शिरत होती. मी सभ्यपणे रांगेत उभी राहिले, म्हणजे जिथे रांग असायला हवी होती तिथे. आजी दिसेना. वर बघते तर ती खिडकीशी बसलेली, शेजारच्या सीटवर तिचा रुमाल, रुमालावर पिशवी, पिशवीवर हात. कशी चढली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

कंडक्टर आला. आजीने आधार कार्ड हातात आधीच धरलेलं.

‘गड. एक फुकट, एक हाफ.’

‘आजी, फुकट नका म्हणू. अमृत म्हणा.’

‘बरं, एक अमृत. आणि ही?’

‘ही सन्मान.’ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्या योजनेचं नाव महिला सन्मान.

आजीने माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. ‘सन्मान झाला, पण अर्धाच,’ म्हणाली, आणि दिंडोरीपर्यंत स्वतःशी हसत होती.

दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा. मी कानात इअरफोन घालून खिडकीबाहेर बघत चित्रपटातल्या मुलीसारखी विचारमग्न व्हायच्या बेतात होते. पण खिडकी आजीची, आणि माझ्या मांडीवर पुढच्या बाईंचा मुलगा. कसा आला, कुणी दिला, काही कळलं नाही. त्याने वणीपर्यंत माझ्या इअरफोनची वायर चोखली. नांदुरीला घाट सुरू झाला तशी बस पहिल्या गियरमध्ये कण्हायला लागली आणि प्रत्येक वळणाला आजी मागच्या सीटवरच्या अनोळखी माणसांना आपलं वय सांगायला लागली.

वर गडावर देवीच्या मंदिरापर्यंत पाचेकशे पायऱ्या आहेत. २०१८ पासून ट्रॉलीचीही सोय झाली आहे. रुळांवरून ती डोंगराच्या अंगाने सरळ वर नेते. आजीचे गुडघे हा आमच्या घरातला कायमचा विषय, त्यामुळे मी थेट ट्रॉलीकडे निघाले.

‘तिथं एसटीचं कार्ड चालतं?’

‘नाही गं. ती वेगळी. तिकीट लागतं.’

आजीचे गुडघे तत्क्षणी बरे झाले. शंभरेक पायऱ्यांवर मी थांबले, तेव्हा ती माझ्या वर वीस पायऱ्यांवर उभी राहून कुणाला तरी सांगत होती, ‘नात आहे, कालेजात जाती. दम लागतो तिला.’ पुढे एका माकडाने माझ्या हातातला नारळ नेला. आजीच्या हातातल्या नारळाकडे त्याने बघितलं, आजीने त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने माझ्या पिशवीतली खणाची घडी पसंत केली.

अठरा हातांची ती देवी, कड्यात कोरलेली, एवढी मोठी की गाभाऱ्यात मान मागे टाकून बघावं लागतं. मी बघत राहिले. आजीने हात जोडले, पुटपुटली, आणि रेटा आला तसं मला बाहेर ओढलं.

खरा प्रसंग घडला तो खाली, चहाच्या टपरीवर. तिथे अमृतवाल्यांचा मेळाच भरला होता. नऊवारीतल्या, पांढऱ्या टोपीतल्या, प्रत्येकाच्या हातात आधार कार्डाची प्लास्टिकची पिशवी. कुठल्या डेपोची गाडी वेळेवर सुटते, कुठला कंडक्टर कार्ड उलटसुलट करून बघतो, पंढरपूरला रात्रीची गाडी कुठे बदलायची, अशी माहिती तिथे मिळत होती की महामंडळाने येऊन लिहून घ्यावी. आजी रंगात आली. शिर्डी सांगितली, शिंगणापूर सांगितलं. तेवढ्यात मनमाडकडच्या एक काकू, बारीकशा, तोंडात दात नाहीत, बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, ‘माझी साडेतीन झाली.’

टपरी शांत झाली.

‘कोल्हापूर, तुळजापूर, माहूर. आणि आज हा गड, अर्धं शक्तिपीठ. साडेतीन. सगळी शून्यात.’

आजीचा चहा तसाच राहिला. परतीच्या बसमध्ये ती वणीपर्यंत एक अक्षर बोलली नाही, कुणाला वयसुद्धा सांगितलं नाही. दिंडोरी आली तशी म्हणाली, ‘माझं नुसतं अर्धंच झालंय.’ थोड्या वेळाने, ‘माहूर कुठं आलं?’

मी मोबाइलवर नकाशा काढला. ‘नांदेड जिल्ह्यात. पार यवतमाळच्या हद्दीला. आजी, खूप लांब आहे.’

‘महाराष्ट्रातच ना?’

‘महाराष्ट्रातच.’

‘मंग झालं.’

रात्री मी जेवायला बसले तर आजी वही घेऊन समोर. कॉलेजला अर्ज कसा लिहायचा ते तिने मला सांगितलं. मी लिहिलं, माझ्या वृद्ध आजीला एकटीने माहूरपर्यंतचा प्रवास झेपणार नाही, सबब सोबत म्हणून मला जाणे भाग आहे. तिला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून कागद हातात घेतला, पेन मागितलं आणि ‘आजीला’वर बोट ठेवलं.

‘हे खोड. खोटं कशाला लिहिती? झेपत तुला नाही, सोबत मी येतेय.’