काटा कुणाचा?

बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी अशी गावं लागतात आणि प्रत्येक गावात एक बापू लागतात. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे तात्या, वाण एकच. ऊस बागायत, पांढरे कपडे, पांढरी एसयूव्ही आणि दुसऱ्याच्या काट्यावर काडीचाही विश्वास नाही.

हा अविश्वास वडिलोपार्जित आहे. ट्रॉली फडातून बाहेर पडतानाच बापू नजरेनं टन सांगतात. कारखान्यावर वजन त्याहून कमी भरलं, की ‘काटा मारला’ हा निकाल जागेवर लागतो. उसाचा उतारा, दुधाचं फॅट, विजेचं मीटर, काहीही असो. आकडा दुसऱ्यानं दाखवला म्हणजे मधे कुणीतरी खाल्लंच.

अशा माणसाच्या गाडीत जानेवारीतल्या एका सकाळी पिवळा दिवा लागतो. घोड्याच्या नालेसारखं चित्र, त्यात उद्गारचिन्ह.

“बापू, टायरात हवा कमी हाय,” पुतण्या सांगतो.

बापू धोतराचा सोगा सावरून उतरतात आणि चारी टायरांना एकेक लाथ घालतात. लाथ हा त्यांचा स्वतःचा काटा. “दगड हाय दगड! दिवा लावायचा आन् माणसाला सर्व्हिसिंगला वढायचं, धंदा हाय कंपनीचा.”

दुपारी दिवा आपोआप विझतो. थंडीत हवा आकसते. पारा दहा अंशांनी उतरला की टायरमधला दाब साधारण दोन पीएसआयनं उतरतो. ऊन चढलं, टायर पळून तापले, की तो पुन्हा वर येतो. बापूंचा निष्कर्ष वेगळा. “सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरंच. कोर्टातला साक्षीदार हाय का ह्यो?”

पुढे दिवा विझायचं नाव घेत नाही. मग चौकशी बसते. पेट्रोल पंपावरचं यंत्र एका चाकात अठ्ठावीस दाखवतं. “किती टाकू, बापू?” पोरगा विचारतो. “काय बी टाकू नगं!” तिथून गाडी जंक्शन गावच्या पंक्चरवाल्याकडे. तोवर तो चहा पिऊन येतो, टायर निवतो आणि त्याच्या गेजवर भरतात सव्वीस. दोन यंत्रं, दोन आकडे! बापूंचा चेहरा उजळतो. आयुष्यभर जे सांगत आलो ते हातात सापडलं.

पंक्चरवाला समजुतीनं सांगतो, की गाडी पळवून आणल्यावर हवा मोजायचीच नसते. निदान तीन तास उभी असलेली गाडी, थंड टायर, तेव्हाचा आकडा खरा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा. सेन्सर चाकात आत, व्हॉल्व्हपाशी बसवलेला. त्याचा स्वतःचा सेल असतो आणि तो रेडिओवरून दाब कळवतो. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर डोळे मिचकावून मग लागून राहिला, तर ती हवेची नव्हे, त्या यंत्रणेचीच तक्रार.

बापू सगळं ऐकून घेतात आणि बारामतीतून स्वतःच्या पैशानं गेज विकत आणतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, कानटोपी घालून, टॉर्च तोंडात धरून मोजणी होते. तीन चाकं बत्तीस, मागचं डावं चोवीस. त्यात बाभळीचा काटा निघतो. दिवा खरा ठरतो.

दुसरा कुणी असता तर इथं शरण गेला असता. बापू हिशेब मांडतात. “स्टिकर म्हणतंय तेहतीस. हवा चोवीसवर आली तवा ह्यो बोलला. मधल्या काळात कुठं झोपला हुता?” प्रश्न बिनतोड आहे. अमेरिकेतल्या नियमातसुद्धा पाव हिस्सा दाब उतरल्यावर दिवा लागला तरी चालतो. म्हणजे दिवा विझलेला असणं हा हवा पुरेशी असल्याचा दाखला नव्हे.

इंदापूरच्या लग्नात साडूंची गाडी भेटते. तिच्या चाकात सेन्सरच नाही. एबीएसची यंत्रणा प्रत्येक चाकाचे फेरे मोजते. हवा कमी झालेलं चाक बारीक होतं, जास्त फिरतं आणि पकडलं जातं. “आन् चारींची हवा सारखीच गेली तर?” बापू विचारतात. तर साध्या यंत्रणेला बहुधा कळत नाही. बापू मांडीवर थाप मारतात. “संचालक मंडळच की हे! एकट्यानं खाल्लं तर सापडतंय, समद्यांनी मिळून खाल्लं की बिनविरोध!” हवा न भरताच साडूंनी रीसेटचं बटण दाबलं होतं, हे कळल्यावर तर बापू जेवणाची पंगत उठेपर्यंत हसत होते. त्या गाडीनं कमी हवेलाच प्रमाण मानून ठराव मंजूर केला होता.

२०२० साली आपल्याकडे नियम बदलला. हा दिवा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. बापूंनी नवी गाडी बघायला जाताच आधी डिकी उघडली. “पाचवं चाक कुणी खाल्लं?”

आता महिन्यातून एकदा पहाटे बापू आपल्या गेजनं स्टेपनीसकट पाचही टायर मोजतात आणि उसाच्या टनांच्या डायरीत आकडे लिहून ठेवतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात नेमकं हेच करायला सांगितलंय. बापूंनी ते उघडलेलं नाही. छापलंय कंपनीनंच ना!