मृगापूर्वीची आवराआवर

बोरघाटातून १८६३ साली रेल्वे धावू लागल्यावर मुंबईच्या सधन कुटुंबांनी खंडाळा-लोणावळ्याला उन्हाळी बंगले बांधले आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना कुलपे ठोकून घाट उतरण्याची प्रथा पाडली; तिचे आजचे निष्ठावंत वारसदार म्हणजे मावळात पवना धरणाच्या काठी, तुंग-तिकोन्याच्या समोर, फार्महाऊस बांधणारे पुण्याचे निवृत्त साहेब होत. फार्महाऊस म्हणजे ज्यात शेतीचा अंश एका कढीपत्त्याच्या झाडापुरता उरलेला असतो, असे निवासस्थान.

पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यात सुमारे ४०००. ही तफावत साहेबांच्या मनात इतकी खोल रुतलेली असते की तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी एक तक्ता टंकलिखित करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. त्याचे पहिले कलम शाकारणीचे, म्हणजे फुटकी कौले बदलून आणि सरकलेली सारखी करून छप्पर पावसाला सज्ज करण्याचे असून, ते पार पाडताना बंगल्याची देखभाल करणारे गावातले मामा छपरावर असतात आणि साहेब अंगणात उभे राहून छत्रीच्या टोकाने त्यांना दिसतच असलेली कौले दाखवतात. पश्चिमेच्या व्हरांड्याला झड, अर्थात वाऱ्याबरोबर तिरपा आत घुसणारा पाऊस, लागू नये म्हणून ताडपत्री बांधली जाते. गाद्या गुंडाळून प्लास्टिकमध्ये जातात, त्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या जातात, आणि आत बुरशी धरू नये म्हणून फ्रिजच्या दाराच्या फटीत नॅपकिनची चौपदरी घडी बसते, जी बाईसाहेब 'चांगला नॅपकिन आहे तो' म्हणून काढतात आणि साहेब पुन्हा बसवतात. मेन स्विच बंद केला तर कॅमेराही बंद पडतो आणि चालू ठेवला तर विजांचे भय, हा पेच दरवर्षी नव्याने उद्भवल्यासारखा चर्चिला जातो. तो सुटत नाही, फक्त चहा होतो.

या अवधीत मामांचे एक लक्ष ढगांकडे असते, कारण राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून, भाताच्या रोपांची जागा त्यांनी तयार ठेवलेली असते आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या इंद्रायणी भाताचे बियाणे घरात वाट पाहत असते. तरीही कुलपाला तेल घालून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा विधी ते शांतपणे पार पाडतात, आणि गाडी कामशेतला पोहोचताच येणारा फोनही त्यांनी गृहीतच धरलेला असतो.

"मामा, मागचं दार लावलं ना हो?"

"लावलंय की साहेब. तुम्हीच दोनदा ओढून बघितलं."

या शास्त्रशुद्ध व्यवस्थेत एकच उणीव आहे: साहेब ज्या पावसाला भिऊन पळतात, त्याच पावसासाठी उरलेला महाराष्ट्र लोणावळ्याकडे धावत असतो, आणि त्यात साहेबांचे चिरंजीवही असतात. जुलैमध्ये भुशी धरण ओसंडून वाहू लागले की चिरंजीव सहा मित्रांसह येतात, मामा लावणीतून चिखलाच्या पायांनी येऊन पिशवी सोडतात, गाद्या पसरतात, ताडपत्री दृश्याच्या आड येते म्हणून उतरते, आणि नॅपकिन हात पुसायला जातो. तक्त्याच्या शेवटच्या कलमात बंगला पुन्हा उघडण्याचा दिवस म्हणून दसऱ्याची नोंद आहे. ती आजवर एकदाही पाळली गेल्याचे मामांना आठवत नाही, आणि साहेबांना ते अजून कोणी सांगितलेले नाही.