चौथ्या सीटवरचं प्रदर्शन

भांडुपचं आणि रेल्वेचं नातं जुनं आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क 1843 साली भांडुपला आले असताना त्यांच्या डोक्यात मुंबई-ठाणे लोहमार्गाची कल्पना आली, असं रेल्वेचा इतिहास सांगतो. पुढे 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली, तेव्हा चौदा डब्यांत मिळून चारशे पाहुणे होते. आज सकाळच्या स्लो लोकलला तेवढी माणसं एकाच डब्यात असतात. अशा डब्यात खांद्याला मण्यांच्या दागिन्यांची बॅग आणि काखेत काळ्या मखमलीचा बिनमुंडक्याचा पुतळा घेऊन चढणारी भांडुपची बाई ही क्लार्कसाहेबांच्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती.

ती निघालेली असते काळा घोड्याला, प्रदर्शनात स्टॉल लावायला. पुतळा अर्थातच हार अडकवून दाखवण्यासाठी. पण तो बाहीला घासला की शेजारणी दचकतात, आणि दचकल्यावर जागा देतात. विक्रोळी यायच्या आत तिघींच्या बाकावरची चौथी सीट मिळते. चौथ्या सीटवर निम्मंच बसायचं असतं. उरलेलं निम्मं बसणं पुतळ्याला मांडीवर घेऊन साधायचं.

घाटकोपरला पहिला प्रश्न येतो. “कुठून घेतलात?”

“मीच केलेत.”

झालं. बॅग उघडल्याशिवाय सुटका नसते. लेडीज डब्यातल्या बायकांची नजर कानातल्यांवर घडलेली असते. पुठ्ठ्यावर ओळीने अडकवलेले झुमके घेऊन फिरणारे फेरीवाले त्या रोज पाहतात. दहा-वीस रुपयांना जोड मिळतो, आणि त्यातही त्या कडीचं तोंड नीट मिटतं का हे तपासून घेतात. शिवाय प्रत्येकीच्या घरी एखादी चिंचपेटी किंवा तन्मणी असतोच, निदान सासूबाईंच्या कपाटात तरी. त्यामुळे कारागिराची परीक्षा इथेच होते. एक जण हार उलटा करून गाठ कुठे लपवली आहे ते शोधते. दुसरी तंगूस नखाने खेचून बघते. तिसरी हुकावरून बोट फिरवते, केस अडकतील की नाही याचा अंदाज घेत. चौथी काही न बोलता हार गळ्याला लावते आणि मोबाइलच्या काळ्या पडद्यात स्वतःला न्याहाळते. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 144 नुसार गाडीत परवान्याशिवाय विकायला आणि विक्रीसाठी मांडायलाही बंदी आहे. म्हणून बाई गाडीत काही विकत नाही, कोणी विचारलंच तर स्टॉलचा पत्ता सांगते. ‘एवढ्या लांब कोण येणार!’ असं म्हणत फोन नंबर मात्र तिघी घेतात.

गाडी मशीद बंदरला थांबते, तेव्हा तिचे पाय आपोआप दाराकडे वळू लागतात. कच्च्या मालाची यात्रा इथूनच सुरू होते. अब्दुल रहमान स्ट्रीट, क्रॉफर्ड मार्केट, आणि पाय शाबूत असले तर भुलेश्वरही. मणी कुठे सराने, कुठे वजनावर. उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे काचमणी, झेक प्रजासत्ताकातल्या याब्लोनेत्सचे आणि जपानचेही. बारीक काचमण्यांचा हिशेब चपलेच्या बरोबर उलटा: नंबर जितका मोठा, तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा. तो सुईतून निसटून फरशीवर पडला की घरातली सगळी माणसं जागच्या जागी उभी करावी लागतात. म्हणून ओवताना खाली मखमलीचा तुकडा पसरायचा, म्हणजे मणी घरंगळत नाहीत.

काळा घोडा म्हणजे वेगळंच जग. एका बाजूला 1952 पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, जवळच वस्तुसंग्रहालयाच्या आवारातला प्रदर्शन-विक्रीचा कुमारस्वामी हॉल, आणि 1999 पासून भरत आलेल्या कलामहोत्सवात रॅम्पार्ट रोवर स्टॉलच स्टॉल. इथले प्रेक्षक हात पाठीमागे बांधून बघतात. हार उलटा करून गाठ शोधणं त्यांना असभ्य वाटतं. ‘ब्यूटिफुल’ म्हणतात, फोटो काढतात आणि पुढच्या स्टॉलवर जातात. दिवसातून दहादा एक वाक्य कानावर येतं: “हे आपण घरीसुद्धा करू शकतो.” मग कोणाचे तरी यजमान विचारतात, “काचेच्याच मण्यांना एवढे पैसे?”

या प्रश्नाला साडेचार हजार वर्षांचं उत्तर आहे. सिंधू संस्कृतीचे कारागीर अकीकाच्या जातीच्या लाल कार्नेलियनचे लांबट मणी करत. गुजरातेत लोथलला मण्यांचा अख्खा कारखानाच उत्खननात सापडला. त्या लांबट मण्यांना भोक पाडायला किती वेळ लागत असेल, हे जोनाथन मार्क केनॉयर या पुरातत्त्वज्ञाने प्रयोग करून पाहिलं. वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर! हे मणी समुद्रमार्गे मेसोपोटेमियात जात. लिओनार्ड वूली यांनी 1920 च्या दशकात ऊर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांचं उत्खनन केलं, तेव्हा ते तिथे निघाले. माल परत आलेला नव्हता, त्याअर्थी खपला होता. त्या राण्यांच्या यजमानांनी किमतीबद्दल काय म्हटलं असेल, ते भांडुपच्या बाईला विचारावं.

पुतळा आणि उरलेला माल घेऊन ती संध्याकाळी परत सीएसएमटी गाठते. स्टॉलवर विक्री बेताचीच झालेली असते, पण सकाळी नंबर घेतलेल्या तिघींपैकी एकीचा ऑर्डरचा मेसेज येऊन पडलेला असतो. हिशेब सरळ आहे: वाहवा काळा घोड्याला मिळते, गिऱ्हाईक कल्याण लोकलमध्ये.

तरीही येत्या फेब्रुवारीत महोत्सवाला गेलात, तर मण्यांच्या स्टॉलवर जरूर थांबा. किंमत विचारा, घासाघीसही करा, त्यात कमीपणा नाही. फक्त हार बघताना दोन्ही टोकं धरून ओढू नका, लॉकेटखाली तळहात धरा. आणि ‘हे घरी करू शकतो’ असं वाटलंच, तर मशीद बंदरला उतरा आणि अकरा नंबरचे मणी आणून बघा.