सेवाग्रामला नंबर लागेल का? : भाकीत करणाऱ्यांसाठी सोपी कार्यपद्धती

जून लागला की विदर्भात दोन अंदाजांना ऊत येतो. पाऊस कधी येणार, आणि पोराचा मेडिकलला नंबर लागणार का. पहिल्यासाठी सरकारने हवामान खातं ठेवलं आहे. दुसऱ्यासाठी तशी सोय नसल्यामुळे ती जबाबदारी गल्लोगल्लीच्या काकाजींनी स्वतःहून अंगावर घेतली आहे. हे काम आजवर निव्वळ अंतःप्रेरणेवर चालत आलं. त्याला शिस्त लागावी म्हणून ही कार्यपद्धती. उदाहरणासाठी सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था घेतली आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यात काढलेलं हे वैद्यकीय महाविद्यालय. एमबीबीएसच्या जागा १०० आणि डोळा ठेवून बसलेले देशभर. थोडक्यात, भाकीत चुकण्याची इथे भरपूर सोय आहे.

पहिली पायरी : गुण विचारावेत, साल विचारू नये. मुलगा ‘साडेसहाशे’ म्हणाला की क्षणभर डोळे मिटावेत आणि ‘होऊन जाईल’ म्हणावं. साल विचारण्यात मोठा धोका आहे. २०२४च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत ६५०च्या वर गुण घेणारे तीस हजारांच्या आसपास होते. २०२५ला पेपर असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ७२०पैकी ६८६ मिळाले, आणि ६५१ किंवा त्याहून जास्त गुण घेणारे सगळे मिळून ७३ भरले. म्हणजे एका साली जे गुण घेऊन मूल तीस हजारांच्या गर्दीत उभं राहिलं असतं, तेच गुण पुढच्या साली घेतले असते तर वर्तमानपत्रात फोटो आला असता. पोर तेच, अभ्यास तोच, फक्त पेपर वेगळा. प्रवेश गुणांवर मिळत नाही, गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर मिळतो, आणि क्रमांक ठरतो तो इतरांनी काय केलं त्यावर. पण हे एकदा मान्य केलं की निकालाआधी नुसते गुण ऐकून सांगितलेल्या भाकिताला काही किंमत उरत नाही आणि काकाजींना संध्याकाळी काम उरत नाही. तेव्हा साल विचारू नये हेच बरं.

दुसरी पायरी : ‘पात्र’ हा शब्द मोठ्याने उच्चारावा. निकालपत्रावर तो शब्द दिसला की पेढे सांगायला हरकत नाही. आकडेमोड पेढे संपल्यावर करावी. २०२४ला २३ लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि १३ लाखांवर पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात, सरकारी-खासगी सगळ्या धरून, एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे एका खुर्चीमागे बारा पात्र. त्या साली खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा १६२ गुणांवर होती, म्हणजे शंभरात साडेबावीस. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांचा मधला टप्पा, एवढं सांगितलं तर अर्ध्या घरांतला आनंद ओसरेल. शिवाय बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला वजा १ हा हिशेब घेतला तर १८० प्रश्नांचे गोळे डोळे झाकून काळे करणाऱ्याच्या पदरातही सरासरीने ४५ गुण पडतात. रेषेपर्यंतच्या वाटेचा चौथा हिस्सा दैव फुकट चालवून आणतं. ही माहिती शक्यतो पेढेवाल्याला सांगू नये.

तिसरी पायरी : चौकातला फलक पुरावा म्हणून दाखवावा. वर्धा, नागपूर, नांदेड, लातूर, कुठलाही चौक चालेल. फलकावर पन्नास हसरे चेहरे, प्रत्येकाखाली गुण, आणि वर ‘यशाची परंपरा’. फक्त एकूण मुलं किती बसली होती, एवढं विचारायचं नाही. पाचशेंतून पन्नास लागले की साठांतून, यावर त्या फलकाचा सगळा अर्थ अवलंबून आहे, आणि फलक नेमकं तेवढंच छापत नाही. न लागलेल्यांचा फलक महाराष्ट्रात अजून कुणी लावलेला नाही. लावला तर चौक पुरणार नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. अंदाज बांधायचाच नाही का? घरच्यांना कर्ज काढायचं असतं, एक वर्ष आणखी द्यायचं की नाही हे ठरवायचं असतं, पसंतीक्रम भरायचा असतो. खरं आहे, आणि या कामासाठी भाकीत लागत नाही, जुन्या याद्या लागतात. निकाल लागला, क्रमांक हातात आला, की आपल्या प्रवर्गात त्या कॉलेजचा शेवटचा प्रवेश मागच्या दोन-तीन वर्षांत कुठल्या क्रमांकावर थांबला ते पाहावं. पहिल्या फेरीतला आकडा आणि शेवटच्या फेरीतला आकडा वेगळा असतो, राज्याचा कोटा वेगळा आणि देशपातळीवरचा वेगळा, तेही पाहावं. एवढं केल्यावर प्रामाणिक माणसाला तीनच उत्तरं देता येतात : बहुतेक लागेल, बहुतेक लागणार नाही, आणि काठावर आहे. ‘त्र्याहत्तर टक्के चान्स’ हे चौथं उत्तर संगणकाच्या पडद्यावर आलं तरी ते काकाजींचंच भावंड. पसंतीक्रम भरतानाही ‘तिथे काही लागत नाही’ म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलायचं कारण नाही. जागा क्रमांकाने वाटल्या जातात आणि ज्याची पाळी येते त्याची पसंती वरून खाली वाचली जाते. वर लिहिलेलं न मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. काकाजींच्या सल्ल्याने मात्र वरचं हातचं जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळं माप एका पेपरावर का? माणूस बघा की! सेवाग्रामने हे करून पाहिलं आहे. नीट देशभर लागू होण्याआधी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तीत गांधी-विचारांवर स्वतंत्र पेपर असायचा. हेतू सरळ होता. जिथे विद्यार्थ्यांनी खादी घालायची, पहिले काही दिवस आश्रमात काढायचे, मग गावात शिबिराला राहायचं, तिथे येणाऱ्याला ती वाट ठाऊक असावी. पण जे परीक्षेत येतं ते पाठ होतं. अपरिग्रहाची व्याख्या बिनचूक लिहिणारा अपरिग्रही असतो असं थोडंच आहे? अमेरिकेतही निराळं घडलेलं नाही. हार्वर्डमध्ये अर्ज करणाऱ्या शंभरांत पाचांनाही प्रवेश मिळत नाही, आणि तिथे निबंध, शिफारसपत्रं, व्यक्तिमत्त्व सगळं पाहतात. या प्रवेशपद्धतीविरुद्धचा खटला २०१८ साली न्यायालयात उभा राहिला तेव्हा ‘व्यक्तिमत्त्वा’ला गुण देण्याची पद्धत आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप चारचौघांत आलं. माणूस बघायला गेलं की आधी त्याचा बाप दिसतो, हा धोका तिथेही टळला नाही. त्या मानाने गोळे काळे करणारा कागद निदान आडनाव विचारून गुण देत नाही.

म्हणून नीटला दोष देऊन भागत नाही. तिचं काम रांग लावण्याचं आहे आणि ते ती बरंवाईट करते. चूक होते ती रांगेतल्या जागेला माणसाची लायकी समजण्यात. सेवाग्रामात राहून याचा विसर पडावा ही गंमत आहे. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेली नयी तालीम याच गावात रुजली, आणि मुलाने हाताने काय केलं यावरून त्याचं शिक्षण पाहावं असं ती सांगत होती. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोनला उठून बाळंतिणीकडे जाणारा डॉक्टर कोण होईल, हे सांगणारा पेपर अजून निघालेला नाही, आणि क्रमांक ६,००० व क्रमांक ९,००० यांत तो फरक लपलेला नाही. मात्र शंभर जागांची यादी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी तोडावीच लागते.

तेव्हा काकाजींसाठी शेवटची पायरी. निकालाआधी मुलाला ‘किती पडतील?’ विचारू नये. निकालानंतर ‘किती पडले?’ विचारण्याआधी मागच्या वर्षीची यादी उघडून ठेवावी. यादी पाहायची तयारी नसेल तर पावसाबद्दल बोलावं. तिथे चुकलं तरी कुणाचं एक वर्ष वाया जात नाही. आणि पसंतीक्रमाचा फॉर्म ज्याला पुढची साडेपाच वर्षं शिकायचं आहे त्यालाच भरू द्यावा.