गूगलरावांना लोणावळ्याहून पत्र

लोणावळा, भर पावसाळा

रा. रा. गूगलराव यांसी,

सा. न. वि. वि.

प्रथम अभिनंदन. 2022 साली फोनच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने तुम्हाला 1,337.76 कोटींचा दंड ठोकला. तुम्ही अपिलात गेलात. दंड राहिला, पण आयोगाचे चार आदेश गळाले. टीव्हीच्या प्रकरणात मात्र तुम्ही शहाणे झालात. एप्रिल 2025 मध्ये 20.24 कोटींवर मिटवलंत, तेही हिशेबात 15 टक्के सूट घेऊन! आमच्याकडे बंगल्यांच्या भाड्याला ऑफ सीझन असतो. दंडालाही असतो, हे नव्यानेच कळलं.

तुमच्यावरचा आरोप चिक्कीच्या गावाला चटकन समजतो. शेंगदाण्याची चिक्की हवी? मग तिळाची, खोबऱ्याची, जेली, फज, सगळा डबा उचला, आम्ही सांगू तसा दर्शनी मांडा, आणि दुसऱ्या भट्टीचा माल दुकानात आणू नका. टीव्ही बनवणाऱ्यांशी तुमचे करार म्हणे याच चवीचे होते.

तडजोडीत तुम्ही मन मोठं केलंत. आता नुसती शेंगदाणा चिक्कीही, म्हणजे सुटं प्ले स्टोअरही, मिळेल. फक्त तिचे पैसे पडतील. अख्खा डबा मात्र पहिल्यासारखा फुकट! निवड करायची मोकळीक याहून सुरेख कुणी दिली असेल?

राहिला प्रश्न अंमलबजावणीचा. भुशी डॅमला संध्याकाळनंतर मनाई असते. शिट्टीवाला हवालदार उभा आहे तोवर पायऱ्या रिकाम्या. तो चहाला वळला की पुन्हा भिजणाऱ्यांची जत्रा. पण निदान तिथल्या पायऱ्या सगळ्यांना दिसतात. तुमचे करार कपाटात. तिथे शिट्टी कुणी वाजवायची, आणि काय पाहून?

धुक्यात टायगर पॉइंट दिसेना की तुंगार्लीतल्या बंगल्यांत पाहुणे कांदाभजी घेऊन टीव्हीसमोर बसतात. बटण दाबलं की पडद्यावर पुढे तुम्हीच. तो मान टीव्हीवाल्याने खुशीने दिला की डब्याबरोबर आला, हे भजी खाणाऱ्याला कसं कळणार? टायगर पॉइंटचं धुकं कधी ना कधी विरतं तरी.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहायची आमची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती विनंती करण्याची गरज दिसत नाही.

कळावे,
डब्यातला एक ग्राहक